धावत्या गाडीवरची थरारमालिका लिहिताना

रेल्वेची सगळी यंत्रणा एका तत्त्वावर उभी आहे: काहीही बिघडलं की गाडी थांबली पाहिजे. हवेचा पाइप सुटला, गाडी थांबते. सिग्नलचं सर्किट तुटलं, सिग्नल लाल होतो. चालक बेशुद्ध पडला, मिनिटा-दीड मिनिटात ब्रेक आपोआप लागतात. त्यामुळे ‘गाडी थांबतच नाहीये’ एवढ्याच कल्पनेवर सहा-आठ भाग रचलेली मालिका रेल्वे ओळखणाऱ्या प्रेक्षकाच्या मनातून पहिल्याच भागात उतरते. आणि भुसावळ, मनमाड, दौंड, कल्याण ही ज्यांची गावं आहेत त्या महाराष्ट्रात असा प्रेक्षक प्रत्येक गल्लीत आहे.

लेखकाने यातून मार्ग काढायचा तर प्रश्न बदलावा. ‘गाडी का थांबत नाही’ याऐवजी ‘गाडी का थांबवायची नाही’ आणि ‘थांबली तर काय होईल’ हे दोन प्रश्न कथेच्या मध्यभागी ठेवावेत. या दोन प्रश्नांची खरी उत्तरं रेल्वेत भरपूर आहेत. ती शोधायची पद्धत इथे क्रमाने दिली आहे. उदाहरणासाठी मुंबईहून रात्री सुटून सकाळी गोव्यात पोचणारी कोकण रेल्वेवरची गाडी घेऊ, आणि उतारावरच्या प्रसंगांसाठी बोरघाट.

पहिली पायरी: मार्ग, तारीख, रेक

संवाद लिहिण्याआधी या तीन गोष्टी पक्क्या करा, कारण बाकी सगळं यांवरून ठरतं.

मार्ग म्हणजे नुसती स्टेशनांची यादी नव्हे. लाइन एकेरी की दुहेरी, वरून वीज आहे की नाही, चढ-उतार, बोगदे आणि कोणाचा कंट्रोल (गाड्यांची वाहतूक चालवणारी खोली), हे सगळं त्यात आलं. आपल्या गाडीला रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आहे, रोह्यापुढे कोकण रेल्वे. रोहा ते वीर दुहेरी, वीरच्या पुढे बहुतांश एकेरी. एकेरी लाइनवर समोरून येणाऱ्या गाडीसाठी कुठल्यातरी स्टेशनाच्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहावं लागतं, त्याला क्रॉसिंग म्हणतात. मध्यरात्री आडगावच्या स्टेशनात गाडी वीस मिनिटं उभी, फलाटावर चिटपाखरू नाही, टाइमटेबलमध्ये या थांब्याचा उल्लेख नाही: खलनायकाला चढायला-उतरायला याहून चांगली जागा नाही, आणि ती पूर्णपणे खरी आहे.

तारखेने दोन गोष्टी बदलतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर वेगळं वेळापत्रक असतं, वेग कमी केलेला असतो, डोंगर कापलेल्या जागी पहारा असतो. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर कोसळलेल्या दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून इथला पावसाळा रेल्वेची माणसं फार गांभीर्याने घेतात, तुमच्या पात्रांनीही घ्यावा. दुसरी गोष्ट वीज. या मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. कथा २०१५ मधली असेल तर डिझेल इंजिन दाखवा, आजची असेल तर विजेचं.

रेक म्हणजे डब्यांचा संच. जुने निळे आयसीएफ डबे की लाल-करडे एलएचबी? आयसीएफची निर्मिती २०१८ च्या सुरुवातीला बंद झाली, तरी ते धावताना अजून दिसतात. दोघांत बफर, कपलिंग (दोन डबे जोडणारी कडी), ब्रेक, बर्थची संख्या, सगळं वेगळं. बाहेरून एलएचबी आणि आतून आयसीएफ असं चित्रीकरण फार वेळा होतं आणि लगेच कळतं.

दुसरी पायरी: गाडी कागदावर काढा

लांब कागद घ्या आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत प्रत्येक डबा चौकोनात काढा. एलएचबीचा एक डबा कपलिंग धरून साधारण २४ मीटर. बावीस डब्यांची गाडी म्हणजे ५२८ मीटर, वर इंजिनाचे वीस. म्हणजे नायकाला शेवटच्या डब्यातून पहिल्यापर्यंत अर्धा किलोमीटरहून जास्त जायचं आहे, तेही अरुंद वाटेतून, बाहेर आलेले पाय, बॅगा, झोपलेली माणसं आणि चहावाले चुकवत. दहा मिनिटांच्या आत हे होत नाही. पटकथेत ‘तो धावत पुढे येतो’ असं एका ओळीत लिहिलं असेल, तर घड्याळ तिथेच चुकलं.

आता वाटा तपासा. डब्यांतून इंजिनात जायला आतून वाट नसते. ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती आवर्जून टाळायला हवी. अतिरेकी डब्यांतून चालत जाऊन चालकाच्या डोक्याला पिस्तूल लावतो, हे नेहमीच्या मेल-एक्सप्रेसमध्ये घडू शकत नाही. त्याला गाडी उभी असताना खाली उतरून, खडीतून चालत, इंजिनाच्या शिडीने वर चढावं लागेल. वंदे भारतमध्ये चालकाची केबिन गाडीचाच भाग असते, पण मध्ये बंद दार असतं. गार्ड शेवटी असतो, पॉवर कारमध्ये (वीज पुरवणारा डबा) किंवा एसएलआर डब्यात (सामान आणि गार्डचा डबा), आणि तिथूनही प्रवासी डब्यांत आतून येण्याची सोय बहुधा नसते. जनरल आणि आरक्षित डब्यांमधली शटर बंद असतात. हे अडथळे गैरसोय मानू नका. गाडीचे असे तीन-चार बंद कप्पे होतात आणि प्रत्येक कप्प्यातल्या माणसांना वेगवेगळी गोष्ट माहीत असते. कथेची रचना इथेच सापडते.

बर्थचे क्रमांक बरोबर द्या. एलएचबी स्लीपरमध्ये ८०, आयसीएफमध्ये ७२. थर्ड एसीत एलएचबी ७२, आयसीएफ ६४. दोन्हींत आठ-आठचा एक गाळा. क्रमांकाला ८ ने भागा: बाकी १ किंवा ४ म्हणजे लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अप्पर, ७ साइड लोअर आणि बाकी शून्य म्हणजे साइड अप्पर. म्हणजे ‘बी-३, ४७’ हा साइड लोअर. तिथल्या माणसाला समोरच्या गाळ्यात काय चाललंय ते नीट दिसतं, अप्परवरच्याला दिसत नाही. साक्षीदार कुठे बसवायचा ते यावरून ठरवा.

शौचालयांबद्दल एक गोष्ट रहस्यकथा लिहिणाऱ्यांना हमखास लागते. आता डब्यांना जैवशौचालयं आहेत, खाली टाकी असते. सिमकार्ड किंवा कुपी तिथे टाकली तर ती रुळांवर पडून नाहीशी होत नाही, डब्याबरोबर प्रवास करते. पुरावा नष्ट झाला असं खलनायकाला वाटावं आणि तो डब्याखालीच असावा, यावर एक अख्खा भाग उभा राहू शकतो.

तिसरी पायरी: मिनिटांचा हिशेब

११० किमी वेग म्हणजे मिनिटाला साधारण १.८ किमी. १३० म्हणजे सुमारे २.२. कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. ताशी १०० च्या वेगाने तो पार करायला जवळजवळ चार मिनिटं लागतात. अंधार आणि मोबाइलची रेंज नाही, अशी ही चार मिनिटं. बोगद्यातला प्रसंग पडद्यावर सात मिनिटं चालला तर जाणकार प्रेक्षक मोजतो. साडेतीन मिनिटांत बसवला तर तोच प्रेक्षक खुर्ची सोडत नाही.

वेगाने धावणारी भरलेली गाडी आणीबाणीचा ब्रेक लावूनही लगेच उभी राहत नाही, ११० वरून थांबायला किलोमीटरभर अंतर जाऊ शकतं. रुळावर बांधलेली व्यक्ती दिसली आणि गाडी तिच्यापासून दोन फुटांवर थांबली, हे दृश्य लिहायचं असेल तर चालकाला ती किलोमीटरभर आधी कळली पाहिजे. त्यासाठी रेल्वेत खरी साधनं आहेत: रुळावर ठेवायचे फटाके, म्हणजे डिटोनेटर. अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन, असा ब्रॉडगेजवरचा नियम आहे. हातात लाल दिवा आणि खिशात फटाके घेऊन काळोखात १२०० मीटर धावणारा ट्रॅकमन किंवा असिस्टंट लोको पायलट (सहचालक), मागे वाट पाहणारी गाडी, समोरून येणारी दुसरी: हा प्रसंग रेल्वेच्या नियमपुस्तकातच लिहून ठेवलेला आहे.

चौथी पायरी: गाडी थांबवू शकणाऱ्यांची यादी

प्रत्येक निर्णायक प्रसंगासाठी ही यादी समोर ठेवा आणि प्रत्येकापुढे लिहा की त्याने त्या क्षणी गाडी का थांबवली नाही.

लोको पायलट. त्याचा असिस्टंट. शेवटच्या डब्यातला गार्ड, ज्याच्याकडे स्वतःचा आणीबाणीचा ब्रेक असतो. कुठल्याही डब्यातला कुठलाही प्रवासी, साखळी ओढून. पुढचा स्टेशन मास्तर, सिग्नल लाल करून. कंट्रोल, वॉकीटॉकी किंवा फोनवरून, आणि अगदीच वेळ आली तर वरची वीज बंद करवून. व्हिजिलन्स यंत्रणा. कवच, म्हणजे धोका दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, बसवलेली असेल तर ती. फाटकवाला, हातातला लाल दिवा दाखवून.

व्हिजिलन्स यंत्रणा अशी चालते: साधारण ६० सेकंदांत चालकाने कुठलीच क्रिया केली नाही किंवा बटण दाबलं नाही, तर आधी आठेक सेकंद दिवा लुकलुकतो, मग तेवढाच वेळ बझर वाजतो, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक लागतात. म्हणून ‘दोन्ही चालक बेशुद्ध, गाडी सुसाट’ ही कल्पना सव्वा मिनिट टिकते. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हातात डेडमॅन हँडल असतं, तिथे तर सव्वा मिनिटही मिळत नाही.

साखळीबद्दल नीट समजून घ्या, कारण प्रेक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो. आयसीएफ डब्यात साखळी ओढली की ब्रेक पाइपमधली हवा ४ मिलिमीटरच्या छिद्रातून सुटू लागते, दाब उतरतो, इंजिनात सूचना मिळते आणि चालक गाडी उभी करतो. एलएचबीत ब्रेक जास्त जोराने लागतो. चालक दोन आखूड आणि एक लांब असा हॉर्न देतो. मग असिस्टंट किंवा गार्ड तो डबा शोधत जातो आणि चावीने साखळी पूर्ववत करतो. रात्री, कापलेल्या डोंगरात, खडीतून चालत हे करायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. विनाकारण साखळी ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली हजार रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. मग तुमच्या कथेत साखळी कोणी का ओढत नाही? ‘सुचलं नाही’ हे उत्तर चालणार नाही. ‘गाडी एका विशिष्ट जागी थांबावी हीच खलनायकाची योजना आहे’ हे उत्तम उत्तर आहे.

थांबलेली गाडी सुरक्षित असते असं मुळीच नाही. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडे इथे पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. हा प्रकार पडद्यावर आणणारा लेखक त्या माणसांची आठवण ठेवून लिहील अशी अपेक्षा आहे. तांत्रिकदृष्ट्या यातून एवढंच घ्यावं: दुहेरी लाइनवर गाडी थांबली की चालकाचं पहिलं काम इंजिनावरचा फ्लॅशर दिवा लावणं आणि शेजारची लाइन वाचवणं हे असतं.

पाचवी पायरी: ब्रेक खरोखर कसे निकामी होतात

प्रवासी गाडीत हवेचे दोन पाइप इंजिनापासून शेवटपर्यंत जातात. ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाब, फीड पाइपमध्ये ६ किलो. ब्रेक पाइपमधला दाब उतरला की ब्रेक लागतात, दाब पुन्हा भरला की सुटतात. म्हणून पाइप कापणं, डबा सोडवणं, नळी उपटणं या सगळ्याचा परिणाम एकच: ब्रेक लागतात. धावत्या गाडीतून मागचे डबे सोडून दिले आणि पुढचा भाग पळत राहिला, हे दृश्य म्हणूनच खोटं. एक तर कपलिंग ताणाखाली असताना सुटत नाही, आणि सुटलंच तर नळ्या तुटून दोन्ही तुकड्यांचे ब्रेक लागतात. वर, शेवटच्या डब्यावरची ‘एलव्ही’ पाटी आणि लाल दिवा पुढच्या स्टेशनवर दिसला नाही की स्टेशन मास्तरला कळतं की गाडी अपुरी आली आहे, आणि तो मागची लाइन मोकळी झाल्याचं कोणालाही सांगत नाही.

खरा धोका उलट दिशेने येतो. हवा निसटण्याने नाही, हवा अडकून राहण्याने. प्रत्येक डब्याच्या टोकाला नळीजवळ अँगल कॉक, म्हणजे पाइप उघडायची-बंद करायची तोटी असते. इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधला कॉक बंद केला तर मागच्या डब्यांतला दाब तसाच राहतो. लोको पायलट ए-९ हँडल, म्हणजे अख्ख्या गाडीचा ब्रेक ओढतो, त्याच्या दाबमापकात दाब उतरलेला दिसतो, पण मागचे डबे ब्रेक लावत नाहीत. हाताशी उरतो तो फक्त एसए-९, म्हणजे इंजिनाचा स्वतःचा ब्रेक, आणि मागून हजार टन ढकलत असतात.

२७ जून १९८८ ला पॅरिसच्या गार द लिऑं स्टेशनात हेच झालं. एका प्रवाशाने आणीबाणीचा ब्रेक ओढला. तो पूर्ववत करताना चालकाकडून ब्रेक पाइपचा कॉक बंद झाला. पुढचा एक डबा सोडून बाकी सात डब्यांचे ब्रेक इंजिनापासून तुटले आणि जाम झाले. चालकाला वाटलं पाइपमध्ये हवा अडकली आहे, म्हणून त्याने आणि गार्डने डब्यांतली हवा हाताने सोडून ब्रेक मोकळे केले. गाडी पुन्हा निघाली तेव्हा तिला ब्रेक जवळजवळ नव्हतेच. उतारावरून येऊन ती भूमिगत स्टेशनात उभ्या गाडीवर आदळली, ५६ माणसं गेली. लक्षात घ्या, दोन चुका लागल्या. नुसता कॉक बंद असता तर मागच्या डब्यातली साखळी किंवा गार्डचा ब्रेक चालला असता. हवाच सोडून दिल्यावर मागे काहीच उरलं नाही.

हे कथेत आणायचं तर क्रम असा ठेवा. कॉक जमिनीवरून, उभ्या गाडीत बंद करावा लागतो, म्हणून खलनायकाला थांबा हवा. ब्रेकची सलगता (शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक लागतात ना) तपासून झाल्यानंतरचा थांबा हवा, म्हणजे सुरुवातीचं स्टेशन नको, वाटेतलं क्रॉसिंग हवं. गाडी निघाल्यावर चालक थोडा वेग घेऊन ब्रेकचा अंदाज घेतो, म्हणून सपाटीवर ही लबाडी काही किलोमीटरांत उघडी पडेल, पुढे लगेच उतार हवा. आणि गार्डशी संपर्क तुटलेला हवा, कारण वॉकीटॉकीवर ‘ब्रेक लाव’ एवढं म्हटलं की गोष्ट संपते. या चारही अटी पूर्ण करणारी जागा नकाशावर शोधायला दोन दिवस लागले तरी चालतील.

उभी गाडी आपोआप निघण्याचा प्रकार याहून सोपा आणि तितकाच खरा. २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआ स्टेशनातून खडीने भरलेली ५३ वाघिणींची मालगाडी चालकाविना निघाली आणि पंजाबात ऊंची बस्सीजवळ थांबवेपर्यंत सत्तरेक किलोमीटर धावली. हँडब्रेक नीट लावलेले नव्हते आणि उतार होता, एवढंच कारण. वाटेतली फाटकं बंद केली गेली, लाइन मोकळी ठेवली गेली, कोणी दगावलं नाही. त्या वेळी कंट्रोलमध्ये काय चाललं असेल याचा विचार करा. तुमच्या मालिकेचा एक भाग त्या खोलीत घडू शकतो.

सहावी पायरी: घाट

बोरघाट आणि थळघाट दोन्हीकडे चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कर्जत आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात. वंदे भारतला बँकर लागत नाही, तिची ताकद गाडीभर वाटलेली असते.

उतारावर ब्रेक पूर्ण गेले असं धरून हिशेब करा. घर्षण वजा जाता त्वरण सेकंदाला सेकंदाला ०.२४ मीटरच्या आसपास येतं. उभ्या गाडीचा वेग एका मिनिटात ५० किमीच्या पुढे जातो, तोवर सव्वाचारशे-साडेचारशे मीटर अंतर कापलेलं असतं. दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी वेग शंभरीपार आणि अंतर पावणेदोन किलोमीटर. वळणांचा घाट बघता तिसरं मिनिट लिहायची गरज पडत नाही.

पण घाटाला रेल्वेने शंभर वर्षांहून जास्त काळ उत्तर दिलेलं आहे: कॅच सायडिंग. उतरणाऱ्या गाडीपुढचा सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोड) मुळातच मुख्य लाइनला लावलेला नसतो. तो डोंगराच्या अंगावर चढत जाणाऱ्या बंद फाट्याला लावलेला असतो. गाडीने त्याआधी उभं राहून, ब्रेक ताब्यात आहेत हे दाखवल्यावरच मुख्य लाइनचा सांधा मिळतो. मंकी हिल, ठाकूरवाडीला पुण्याहून येणाऱ्या गाड्या अशाच उभ्या राहताना तुम्ही पाहिल्या असतील. त्यामुळे बोरघाटातली ताबा सुटलेली गाडी कर्जतला आदळत नाही, कॅच सायडिंगमध्ये जाते. प्रसंगाचा शेवट तिथेच लिहा: वाळूत रुतणारं इंजिन, फाट्याच्या टोकाला दरी. खलनायकाला खरोखर मोठा घात करायचा असेल तर त्याला त्या सांध्यापर्यंत पोचावं लागेल, आणि तिथे रेल्वेची माणसं असतात.

घाटाच्या संवादात अप-डाउन सांभाळा. मुंबईहून निघालेली गाडी ‘डाउन’. म्हणजे डाउन गाडी घाट चढते आणि अप गाडी उतरते. लेखक, दिग्दर्शक, कलाकार, तिघेही इथे घसरतात.

सातवी पायरी: सिग्नल, सांधे आणि हॅकर

शेवटच्या सेकंदाला सांधा फिरवून गाडी दुसऱ्या रुळावर घालण्याचं दृश्य काढून टाका. रूट, म्हणजे गाडीचा पुढचा मार्ग लावून सिग्नल दिल्यावर सांधा कुलूपबंद होतो. गाडी जवळ आल्यावर रूट रद्द केला तर सिग्नल लगेच लाल होतो, पण सांधा सुटायला १२० सेकंद थांबावं लागतं. ताशी ११० ने गाडी तेवढ्यात साडेतीन किलोमीटरहून जास्त येते. स्टेशन मास्तर बटण दाबून बसला आहे, समोरच्या पॅनेलवर वेळ उतरतो आहे, खिडकीबाहेर इंजिनाचा दिवा वाढतो आहे: ही दोन मिनिटं जशीच्या तशी चित्रित करा.

सेक्शन कंट्रोलर सगळं एका पडद्यावरून चालवतो असंही दाखवू नका. तो बहुतेक ठिकाणी सांधे हलवत नाही, स्टेशन मास्तरला सांगतो. त्याच्याकडे आलेख असतो, फोन असतो, आणि पंचवीस-तीस गाड्यांचं ओझं असतं. रोह्याला गाडी एका कंट्रोलकडून दुसऱ्याकडे जाते, त्या हस्तांतरात माहितीचा एक तुकडा गळणं अगदी शक्य आहे.

हॅकर आणायचाच असेल तर खऱ्या घटना बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये कोणीतरी रेल्वेच्या साध्या, कूटबद्ध नसलेल्या रेडिओवर ‘थांबा’ हा संकेत प्रसारित केला आणि वीसेक गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर जर्मनीत रेल्वेच्या संपर्काच्या केबल दोन ठिकाणी तोडल्या गेल्या, आणि जवळपास तीन तास वाहतूक ठप्प. दोन्हीकडे परिणाम थांबण्याचा. तुमच्या हॅकरलाही गाड्या पळवायला लावू नका, थांबवायला लावा. पहाटे तीन वाजता विशिष्ट डबा विशिष्ट बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिला तर कोणाचा फायदा होईल, हे ठरवलं की बाकीचं सुचतं.

सिग्नल यंत्रणेत माणसं मारणारी चूक होते ती बहुधा दुरुस्तीच्या वेळी. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा लूपला लावलेला होता. फाटकाच्या कामात वायरिंग चुकीचं जोडलं गेलं होतं. २९० हून अधिक माणसं गेली. घातपाताची कथा लिहिताना तपास अधिकारी आधी याच शक्यता तपासतो: अलीकडे कुठलं काम झालं, कोणी जोडलं, चाचणी कोणी घेतली, रजिस्टरवर सही कोणाची.

पोलीस आणि मदत

आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) केंद्राचं दल, रेल्वेची मालमत्ता आणि रेल्वे कायदा सांभाळणारं. खुनाचा तपास राज्याच्या पोलिसांकडे, म्हणजे लोहमार्ग पोलिसांकडे. धावत्या गाडीत खून खेडजवळ झाला, प्रेत सावंतवाडीला सापडलं आणि संशयित मडगावला उतरला, तर गोव्यातल्या कोकण रेल्वे पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे महाराष्ट्रात पाठवता येतो. टीसी आणि गार्डकडे तक्रारीचे छापील अर्ज असतात, हेल्पलाइन १३९. दोन राज्यांच्या पोलिसांमधली ओढाताण खरी असते, फक्त ती हद्दीच्या कागदांवरून होते.

‘तो डबा कापून ठेवा’ असं अधिकारी म्हणू शकतो, पण मधला डबा काढायला शंटिंग लागतं. अर्धा तास सहज जातो आणि त्यातल्या ऐंशी प्रवाशांना कुठे बसवायचं हा प्रश्न स्टेशन मास्तरसमोर उभा राहतो. अपघात झाला तर वैद्यकीय मदतीची गाडी कुठून येईल तेही नकाशावर लिहून ठेवा: कोकण रेल्वेवर ती रत्नागिरी आणि वेर्णा इथे असते.

टप, आवाज, बोली

टपावरची मारामारी विजेच्या मार्गावर नको. तार रुळापासून साडेपाच मीटरच्या आसपास, डब्याचा टप चार मीटरवर. दोन्हींमध्ये दीड मीटर उरतं आणि तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिच्यापासून दोन मीटर दूर राहायचं हा रेल्वेचा नियम आहे. उभ्या राहिलेल्या माणसाला तिला हात लावायचीही गरज नाही.

‘खडखड-खडखड’ हा पार्श्वध्वनी बेताने वापरा. आता रूळ लांबच्या लांब वेल्ड केलेले असतात, तो ठोका सांध्यांवरून, स्टेशनात शिरताना ऐकू येतो. डोळे बांधलेल्या पात्राला त्यावरून स्टेशन आलं हे कळू शकतं. एसी डब्यातला धूर ओळखणारी यंत्रणाही उपयोगी: ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुपती–सिकंदराबाद वंदे भारतच्या शौचालयात एकाने सिगारेट ओढली आणि अख्खी गाडी थांबली.

चालक इंजिनात गप्पा मारत बसत नाहीत. प्रत्येक सिग्नल दोघे मोठ्याने म्हणतात, हात करून. ‘डबल यलो’, आणि दुसऱ्याचं ‘डबल यलो’. तोंडी असलेली वाक्यं अशी: ‘लाइन क्लियर मिळाली’ (पुढे जायची परवानगी), ‘होम डेंजरला आहे’ (स्टेशनात शिरतानाचा सिग्नल लाल), ‘प्रेशर बनत नाही’, ‘गाडी खाली उभी आहे’. गार्डचं अधिकृत पदनाम २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झालं, स्टेशनात मात्र अजून गार्डच म्हणतात. दोन्ही वापरा, कागदावर एक आणि बोलण्यात दुसरं.

पटकथा तयार झाली की ती तीन निवृत्त माणसांना स्वतंत्रपणे वाचायला द्या: एक लोको पायलट, एक गार्ड, एक सेक्शन कंट्रोलर. एकत्र बसवू नका, कारण प्रत्येकाला गाडीचा वेगळा तुकडा माहीत असतो. प्रत्येकाला प्रत्येक प्रसंगासाठी एकच विचारा: या क्षणी तुम्ही पहिलं काय केलं असतं? त्यांचं उत्तर तुमच्या पात्राच्या कृतीशी जुळत नसेल, तर तो प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.